फुंकर

आमच्या बार्शीनं तिला ‘वटवाघळाची सुई’ असं नाव ठेवलं होतं. पुण्याची डॉक्टर मंडळी ‘शमन’ म्हणायची आणि बाटलीवर त्याहून लांबलचक काहीतरी छापलेलं असायचं, पण आमच्या गावात एकदा नाव पडलं की पडलं. माझंच बघा. आईबापांनी हौसेनं भानुदास क्षीरसागर नाव ठेवलं, आणि जन्मभर मला कुणी ‘वायरमन’ सोडून दुसरी हाक मारली नाही. आता मीटर स्वतःच आकडे पाठवतात, तार तुटली तर खांबच ऑफिसला कळवतो, मी रिटायर होऊन घरी बसलोय, तरी रस्त्यात पोरं ‘काय वायरमनकाका’ म्हणतात.

ही सुई घेतली माझ्या बायकोनं, वैजंतानं. आधीच सांगून ठेवतो, मी कुणाला दोष द्यायला बसलेलो नाही. दोष द्यायला कुणी सापडलं असतं तर बरंच झालं असतं, निदान त्याच्या नावानं खडे फोडत बसलो असतो.

वैजंता बाळंतिणींना आणि बाळांना न्हाऊ घालायची. काम मूळचं माझ्या आईचं. लग्न होऊन आली तेव्हा हिला साधं पोळीचं पीठ धड मळता येत नव्हतं, पण आईनं पहिल्याच महिन्यात तिचे हात बघितले आणि म्हणाली, ही पोरगी न्हाऊ घालील. आणि खरंच, काय न्हाऊ घालायची! पाय लांब करून पाटावर बसायची, नडगीवर बाळ पालथं टाकायची, तेल जिरवायची, डाळीचं पीठ लावायची, आणि कढत पाण्याचा तांब्या अशा बेतानं ओतायची की रडून लाल झालेलं पोर मध्येच गप होऊन विचार करायला लागायचं. मग टाळूवर तेल, ओव्याची धुरी, आणि शेवटी नाकात नि कानात एकेक हलकी फुंकर. पाणी राहू नये म्हणून. फुंकर मारल्याशिवाय न्हाणं पुरं झालं असं आमच्याकडे कुणी मानतच नाही. लहान मुलांचे डॉक्टर ओरडायचे, फुंकर मारू नका म्हणून. ती मान हलवून हो म्हणायची आणि आपलं ते करायची.

पण एका बाबतीत ती डॉक्टरांपेक्षा कडक होती. तो आईचा नेम. अंगात कसर असली, नाक चोंदलं, एक शिंक जरी आली तरी बाळंतिणीच्या खोलीत पाय ठेवायचा नाही. कितीही मोठ्या घरचं बोलावणं असो. एकदा कापडवाल्या शेटजींच्या सुनेचं पहिलं बाळंतपण होतं, गाडी दारात उभी, आणि हिला सकाळी दोन शिंका आल्या. गाडी तशीच परत धाडली. शेटजी चिडले, सहा महिने माझ्याशी बोलले नाहीत. हिला त्याचं काही नव्हतं.

मग आमवातानं तिला धरलं. पहिल्यांदा सकाळची बोटं आखडायची, मग मनगटं सुजायला लागली, मग बोटं एका अंगाला कलली ती कललीच. गोळ्या झाल्या, सुया झाल्या, काढे झाले, कुणी काय सांगेल ते, मुंग्यांचं वारूळ सोडून सगळं झालं. तिला ब्लाऊजचे हूक लावता येईनात, चहाचा कप उचलता येईना. मी तिची वेणी घालायला शिकलो. ती म्हणायची, तुम्ही वेणी घालत नाही, केबल गुंडाळता. हसायची, पण बोलावणी आली की निरोप सांगायला मला पुढे करायची, आणि आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडायची. गावात कुठे बाळ जन्मलं की आमच्या घरी त्या दिवशी कुणी धड जेवायचं नाही.

शाहीन आली ती अशा दिवसांत. बागवान गल्लीतली शाहीन बागवान. हिला जन्मल्यावर पहिलं न्हाणं वैजंतानंच घातलेलं. शिकून मोठी डॉक्टर झाली, पुण्याच्या एका संशोधन संस्थेत लागली. ईदला घरी आली की आमच्याकडे शीरखुर्मा घेऊन यायचीच. त्या वर्षी तिनं मावशीचे हात बघितले आणि वाटी तशीच खाली ठेवली. म्हणाली, मावशी, माझ्याकडे एक नवीन गोष्ट आहे.

ती गोष्ट तिनं आम्हाला आमच्याच ओट्यावर बसून समजावली. मला जेवढी कळली तेवढी सांगतो. आपल्या अंगातल्या प्रत्येक पेशीभोवती एक पातळ तेलकट कातडं असतं, पेशीपटल म्हणतात त्याला. त्या पटलात जागोजाग प्रथिनं रोवलेली असतात. त्यातली काही दारासारखी, आत-बाहेर काय जाऊ द्यायचं ते बघणारी. काही घंटेसारखी. जंतूचा एखादा तुकडा घंटेला येऊन चिकटला की आत निरोप जातो आणि पेशी बोंब ठोकते. मग रक्त धावून येतं, जागा लाल होते, सुजते, तापते, ठणकते. यालाच दाह म्हणायचं. ताप, सर्दी, खोकला हे पुष्कळसं त्या बोंबेमुळेच. जंतू ते करत नाही, आपणच करतो, त्याला हाकलायला. आमवातात घोटाळा असा की जंतू नसतानाच घंटा वाजत राहते, आणि धावून आलेली माणसं चोर सापडत नाही म्हणून घरच्याच भिंती पाडायला लागतात.

आता यात वटवाघूळ कुठून आलं? आमची पिढी कोविड बघितलेली, वटवाघूळ म्हटलं की अजून दचकते. पण शाहीन म्हणाली, त्याच्याकडे एक शिकण्यासारखी गोष्ट आहे. त्याच्या अंगात कसले कसले विषाणू सुखानं नांदतात, आणि ते आजारी पडत नाही. कारण त्याच्या पेशी उगीच बोंबलत नाहीत. तिच्या संस्थेला वटवाघळाच्या पेशीपटलात एक जादा प्रथिन सापडलं होतं, घंटेचा लोलक हातानं धरून ठेवावा तसं काम करणारं. त्याचा माणसाला चालेल असा अवतार त्यांनी बनवला. एक सुई द्यायची, त्या सुईतून हाडांच्या मगजातल्या पेशींना निरोप जातो की हे प्रथिन बनवा आणि आपल्या पटलावर रोवा. एकदा शिकलेल्या पेशी पुढच्या पेशींनाही तेच शिकवतात. उद्या नको झालं तर कात्रीचं काम करणारं दुसरं औषध आहे, ते प्रथिन पटलावरून छाटून टाकतं आणि पेशींनाही ते विसरायला लावतं. फक्त एकदा छाटलं की अंग ते ओळखून ठेवतं, परत रोवू देत नाही.

वैजंतानं एवढं सगळं ऐकून एकच विचारलं, तांब्या धरता येईल का? शाहीन म्हणाली, येईल.

आणि आला. सुई घेतली, त्यानंतर तीनेक आठवड्यांनी मी सकाळी उठलो तर स्वयंपाकघरातून लाटण्याचा आवाज. मला वाटलं शेजारची आली असेल. जाऊन बघतो तर ही पोळ्या लाटतेय, आणि डोळ्यांतून पाणी गळतंय पोळपाटावर. सूज उतरली, ठणका गेला, कललेली बोटं पुरती सरळ झाली नाहीत पण कामाला लागली. त्या दिवशी तिनं आपली वेणी आपण घातली. मला हायसं वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, थोडं चुकल्यासारखंही वाटलं.

ती परत न्हाऊ घालायला जायला लागली. गावाला किती आनंद! जुन्या बाळंतिणींच्या मुली आता बाळंतीण झालेल्या, त्या म्हणायच्या, आमच्या आईला जिनं न्हाऊ घातलं तीच बाई पाहिजे. तिच्या अंगाला तर आता काही म्हणजे काहीच होईना. थंडीत सगळी गल्ली खोकायची, ही ठणठणीत. मला ताप आला, मी अंथरुणात, ही माझ्या उशाशी बसून पेज भरवतेय आणि हिचं नाकसुद्धा वाहत नाही. म्हणायची, वटवाघळाचा जन्म बरा बाई. वर्षभरात तिनं एक दिवस सुट्टी घेतली नाही. घ्यायची कशाला? शिंकच आली नाही.

त्याच हिवाळ्यात केतकीनं, आमच्या एकुलत्या एका पोरीनं, पुण्याहून फोन केला की दिवस गेलेत. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, हे बोलायचीही गरज नव्हती. वैजंतानं माळ्यावरनं पाळण्याचं सामान काढलं. माझ्या जुन्या मऊ धोतरांची दुपटी शिवली, अजून न नेसलेलं एक त्यात गेलं. जन्मभर दुसऱ्यांची लेकरं न्हाऊ घातली, आता माझ्या लेकीचं, एवढं एकच तिच्या तोंडात.

मग गावात बाळं आजारी पडायला लागली. पहिलं कसबा पेठेतलं, मग दुसरं, मग बोध्यांच्या घरचं. तिघंही महिन्याच्या आतली. डांग्या खोकला. मोठ्या मुलाला होतो तेव्हा तो खोकून खोकून वाकडा होतो, अख्ख्या गल्लीला कळतं. पण इतक्या लहान बाळाला नीट खोकताच येत नाही. ते दूध सोडतं, मलूल होतं, आणि मध्येच श्वास घ्यायचं थांबतं. गरोदरपणी आईला लस द्यायची असते, ती तिघींपैकी दोघींनी घेतलेली नव्हती. बाळाची स्वतःची पहिली लस दीड महिन्यावर. दोन बाळं सोलापूरला नेऊन वाचली. बोध्यांचा मुलगा वाटेतच गेला. वैजंता त्यांच्याकडे जाऊन आली, दिवसभर पाण्याचा घोट घेतला नाही.

शाहीन दोन दिवसांनी आली, न कळवता. तिच्या हातात शीरखुर्मा नव्हता, एक लहान पेटी होती. सोलापूरच्या डॉक्टरांनी तिन्ही घरं तपासली होती. कुणी खोकणारं नाही, पाव्हणे नाहीत, तिन्ही घरांत जाणारं माणूस एकच. न्हाऊ घालणाऱ्या बाईला ‘शमन’ दिलंय हे कळल्यावर त्यांनी शाहीनला फोन केला. तिनं वैजंताच्या घशातून कापसाच्या काडीवर नमुना घेतला आणि पेटीतल्या यंत्रात ठेवला. तासभर आम्ही तिघं एकमेकांकडे न बघता बसलो. चहा करू का असं वैजंतानं विचारलं, आणि उठून केलाही.

यंत्रानं निकाल दिला तेव्हा शाहीननं तो वाचून दाखवला नाही. तिनं पेटी मिटली.

“मावशी,” ती म्हणाली, “तुमच्या घशात तो जंतू आहे. तिन्ही बाळांत सापडला तोच. किती महिने असेल, सांगता येत नाही.”

“पण मला खोकला नाही गं.”

“तोच तर आम्ही बंद केलाय.”

वैजंताला कळलं नाही. मला कळलं. जन्मभर मी लोकांवर ओरडत आलो, फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात जाड तार घालू नका. दिवा जात नाही, पंखा थांबत नाही, आणि आत भिंतीतल्या वायरी जळत राहतात. वैजंताच्या घशातल्या पेशींना जंतू दिसत होता, पण घंटेचा लोलक धरून ठेवलेला. बोंब नाही, म्हणून हाकलायला कुणी धावून आलं नाही. तो जंतू तिथे वटवाघळातल्यासारखा सुखानं नांदला. एरवी ती आठ-दहा दिवसांत खोकायला लागली असती आणि आईच्या नेमानं घरी बसली असती. शाहीन म्हणाली, आम्ही रक्त बघितलं, सांधे बघितले, लिव्हर बघितलं. ताप किंवा खोकला आला तर लगेच कळवा, असं प्रत्येकाला सांगितलं. ज्यांना ताप-खोकला येणारच नाही त्यांना आम्ही ते सांगत होतो, काका. आणि मावशी काय काम करतात ते जगात मला सगळ्यात जास्त माहीत होतं. एवढं बोलून ती रडायला लागली. वैजंतानं तिला जवळ घ्यायला हात पुढे केला, आणि तसाच मागे घेतला.

ती मला म्हणाली, “मी फुंकर मारली हो त्याच्या नाकात. रोज मारली.”

घशातला जंतू साध्या औषधानं आठवडाभरात गेला. त्याचं काही नव्हतं. औषध संपल्यावर वैजंता म्हणाली, बोध्यांकडे जाऊन सांगायचं. मी नको म्हणालो. शाहीनही म्हणाली की आमच्या संस्थेचं माणूस जाऊन रीतसर सांगेल, तुमची यात चूक नाही. वैजंतानं पायात चपला घातल्या. मी मागोमाग गेलो. मधुरा बोधे, त्या बाळाची आई, चोवीस-पंचवीसची पोर, दारातच उभी राहून ऐकत होती. वैजंतानं सुईपासून फुंकरेपर्यंत सगळं सांगितलं, एक शब्द गाळला नाही. मला वाटलं आता ही शिव्या देईल, द्याव्यात, म्हणजे वैजंताचं मन जरा हलकं होईल. मधुरा म्हणाली, “मावशी, तुमच्या हातनं न्हालं की तेवढंच ते शांत झोपायचं.” आणि तिनं दार लावून घेतलं, अगदी हळू.

परत येताना वैजंता रस्त्यात दोनदा खाली बसली.

केतकीला शाहीनकडूनच कळलं होतं. तिचा फोन आला तेव्हा तिला सातवा लागलेला. पोरगी वाईट नाही, उलट फार जिवाची आहे, म्हणून तर तिला बोलता येत नव्हतं. हवापाणी विचारलं, दुपटी किती झाली विचारलं. मग म्हणाली की ओजस म्हणतोय पुण्यातच हॉस्पिटल चांगलं आहे, तिथेच नाव घालू. ओजस आमचा जावई, बिचाऱ्यानं जन्मात कधी कशाला ‘असंच करू’ म्हटलेलं नाही. वैजंता लगेच म्हणाली, हो बाई, पुण्यातच बरं. फोन ठेवून ती दुपट्यांच्या घड्या घालत बसली.

मी शाहीनला बोलावलं आणि सरळ विचारलं, आता काय? ती म्हणाली, जंतू गेलाय, पण शमन अंगात आहे तोवर उद्या दुसरा कुठला येऊन बसला तरी मावशींना कळणार नाही. दर आठवड्याला घसा तपासता येईल, तरी दोन तपासण्यांच्या मधल्या दिवसांची हमी मी देणार नाही. मोठ्या माणसांत राहायला हरकत नाही. हात असेच चांगले राहतील. फक्त तान्ह्या बाळापासून लांब राहायचं, कायमचं. नाहीतर ते प्रथिन छाटायचं. मग अंग पहिल्यासारखं बोंबलायला लागेल. जंतूवरही, आणि सांध्यांवरही.

म्हणजे काय झालं बघा. हात हवेत तर बाळ नाही, आणि बाळ हवं तर हात नाहीत. अशी वेळ वैऱ्यावर येऊ नये.

मी छाटण्याच्या विरुद्ध होतो, आणि चांगला भांडलो. तिचे ते जुने दिवस तिच्यापेक्षा मी जास्त पाहिलेले. रात्र रात्र तिचे हात गरम पाण्यात धरून बसलोय. वर्षभर मला माझी बायको परत मिळाली होती, भांडी आपटणारी, माझ्या ताटात जास्तीची पोळी टाकणारी, ती मला सोडायची नव्हती. मी म्हणालो, अगं, आजकाल भिंतीएवढ्या पडद्यावर माणूस समोर बसल्यासारखं दिसतं. नातवंड लांबून बघ. हात राहू देत.

“लांबून बघायला हात कशाला लागतात?” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी शाहीनला फोन करून तारीख घेतली.

पुण्याला नेऊन सलाईनमधून ते कात्रीचं औषध दिलं. घरी आल्यावर काही दिवस काहीच फरक नाही. मला वेडी आशा की नाहीच होणार काही. मग एका सकाळी तिला गॅसचं बटण फिरवता येईना. तिनं मला हाक मारली नाही, पदर गुंडाळून फिरवत बसली. पंधरवड्यात मनगटं सुजली. मी कपाटातून कंगवा काढला आणि तिच्या मागे जाऊन बसलो. ती म्हणाली, विसरलात वाटतं, केबल आता जास्तच घट्ट गुंडाळताय.

आणि एक दिवस ती शिंकली. भाजी निवडता निवडता मोठ्यानं दोनदा शिंकली, आणि तशीच माझ्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली. नाक वाहतंय, डोळे लाल, अंगात थोडी कसर, आणि बाई हसतेय. मी शाहीनला फोन लावला. तीही हसली. घशाची तपासणी पुन्हा पुन्हा झाली, रक्ताची झाली, सगळी स्वच्छ. शाहीननं केतकीला स्वतः सांगितलं की आता तुझ्या आईइतकी खात्रीची बाई तुला महाराष्ट्रात मिळणार नाही, शिंक आली की ती स्वतःच बाहेर जाईल.

केतकीला मुलगी झाली, पुण्यातच. बाराव्या दिवशी ओजस दोघींना घेऊन आमच्याकडे आला. उरलेला सव्वा महिना माहेरी काढायचा असं केतकीनंच ठरवलं होतं. गाडीतून उतरल्या उतरल्या पोरीनं बाळ आईपुढे धरलं. म्हणाली, आई, घे. त्या दोन शब्दांसाठी वैजंतानं काय मोजलं होतं ते मला माहीत. मी तिच्या पाठीशी उभा होतो. तिनं हात पुढे केले नाहीत. पदराखाली घेतले.

केतकीला वाटलं आई रुसलीय. ती माफी मागायला लागली, मी घाबरले होते गं, माझं चुकलं, म्हणायला लागली. वैजंतानं तिला खाली बसवलं.

“तुझं काही चुकलं नाही,” ती म्हणाली. “पण हिला हातात घेतली की मला बोध्यांचं लेकरू दिसेल. आणि मला हिला बघायचंय गं.”

शाहीननं समजावलं, जावयानं समजावलं, मी रागावून बघितलं. एका औषधानं पेशीवर जे रोवलं होतं ते दुसऱ्या औषधानं छाटून निघालं. हे कुणाला छाटता येईना. शाहीन म्हणाली, वेळ जाऊ द्या, काका. पण सव्वा महिन्यात वेळ जाऊन जाऊन किती जाणार?

न्हाऊ मग केतकीच घालायला लागली. पाटावर ती, पाणी ओतायला मी. साठी ओलांडलेला वायरमन तांब्या घेऊन उभा. वैजंता न्हाणीघराच्या उंबऱ्याबाहेर स्टुलावर बसून सांगायची. मान धर. पाणी कोपरानं बघ. अहो, ओतताय की शिंपडताय? तेल टाळूला जास्त, पायाला कमी. शेवटी केतकी मऊ कापडाच्या टोकानं कान पुसायची, तेव्हा वैजंता दुसरीकडे बघायची. बाळ रडायला लागलं की ती स्टुलावरून अर्धी उठायची आणि परत बसायची. रोज. एकदा तरी ती आत येईल म्हणून मी मुद्दाम पाणी जरा जास्त गरम आहे का असं विचारायचो. ती बसल्या जागेवरून म्हणायची, कोपरानं बघा.

सव्वा महिना झाला तशी ओजसची गाडी आली. सामान भरलं, दुपटी भरली. केतकी बाळ घेऊन दारात उभी राहिली, बाळाचं तोंड आईकडे करून. वैजंता उंबऱ्याच्या आत होती. तिनं तिथूनच दोन्ही हात बाळाच्या तोंडावरून उतरवल्यासारखे हवेत फिरवले आणि आलाबला घ्यायला बोटं आपल्या कानशिलांवर टेकवली. बोटं मोडेनात. तिनं पुन्हा दाबून पाहिली, ओठ आवळून. सुजलेल्या सांध्यांतून आवाज कुठला निघायला. केतकी गाडीकडे वळली, तिला रडू आवरत नव्हतं.

गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत वैजंताचे हात कानशिलांवरच होते. मी ते धरून खाली आणले. गरम होते, ठणकत असणार.

“लांबून घेतलेली पोचते का हो?” तिनं विचारलं.

मी पोचते म्हणालो.